दादाचं कोमट दूध

थोरल्या भावाचं दूध मी माझ्या संकलन केंद्रावर सगळ्यांसमोर परत केलं. आंबलेलं दूध ओळखायला स्पिरीट घालतात; ते घालताच दूध काचेच्या नळीत फाटलं होतं.

"आंबलंय, उचल कॅन!" मी ओरडलो. वाटणीत विहीर त्याला गेल्याचा राग होताच.

"आत्ता धार काढलीय. हात लावून बघ, कोमट हाय."

मी हात लावला नाही. लॅक्टिक आम्ल वाढून दूध आंबायला काही तास लागतात आणि दादाच्या गाईसारख्या आटत आलेल्या गाईचं ताजं दूधही स्पिरीटनं फाटतं, हे मला चांगलं माहीत होतं.

दादानं कॅन गटारात ओतला. आता तो पुढच्या गावात दूध घालतो. विहिरीवरचा हक्क मी सोडलेला नाही. पण त्याच्या गाडीचा आवाज आला की मी दारात येऊन उभा राहतो. तो बघत नाही.