नखाएवढा गंज

डाग घेऊन कुणी दारात आलं की काकू कपड्याला लगेच हात लावत नसत. आधी माणसाला उभं करून तीन प्रश्न विचारायच्या. काय सांडलं? कधी सांडलं? आणि त्यावर तुम्ही काय काय उद्योग केलेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक धडाधड देत. तिसऱ्याला हमखास घसा खाकरत. कुणी रक्तावर उकळतं पाणी ओतून आलेलं असे, कुणी तुपकट डागावर नुसतं पाणी चोळत बसलेलं, कुणी शाई पुसता पुसता बाहीभर पसरवलेली. डाग बिचारा मुळात साधा असतो, त्याच्यावर माणसं जी अक्कल पाजळतात ती काढायला वेळ लागतो, असं काकू तोंडावर सुनावत, आणि मग कपडा ओढून घेत.

गल्लीत त्यांना सगळे डागकाकू म्हणत. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागं मोरी, मोरीच्या वर दुपारचं ऊन येणारी खिडकी आणि खिडकीशेजारी फळी. फळीवर सोडा, व्हिनेगर, खडूची पूड, ग्लिसरीनची बाटली, मीठ, टोपलीत लिंबं आणि केस झडलेले दातांचे ब्रश. कोपऱ्यावरचा लॉंड्रीवाला मोठा फुशारकी मारणारा गडी, पण शाई आणि गंज म्हटलं की मुकाट्यानं कपडे काकूंकडे पाठवायचा. गिऱ्हाइकाला अर्थात सांगायचा की आमच्या खास यंत्रात टाकलंय.

शाईचे कपडे काकू हसत घेत. गंजाचे घेताना मात्र चेहरा असा करत, की देणाऱ्याला वाटावं आपलंच काही चुकलं.

त्याला कारण होतं, आणि ते कारण वरच्या मजल्यावर राहत होतं. काकूंची थोरली जाऊ.

काकू नव्या नव्या संसारात होत्या तेव्हाची गोष्ट. काका एका मोठ्या हॉटेलात वेटर होते आणि त्यांचे दादा, म्हणजे थोरलीचे यजमान, तिथंच कोठारावर होते. हेड वेटरची जागा निघाली. दोघा भावांनी अर्ज केला, बोलावणं आलं फक्त काकांना. धाकटा भाऊ थोरल्याला हुकूम सोडणार, हे वरच्या मजल्याच्या घशाखाली उतरेना. मुलाखतीच्या आदल्या दिवशी काकूंनी काकांचा पांढरा कोट धुऊन खिडकीत टांगला. वारा सुटला, ओला कोट खिडकीच्या जुन्या गजाला जाऊन चिकटला आणि छातीवर नखाएवढा गंज उठला. नखाएवढाच. काकू रडकुंडीला आल्या. तेवढ्यात थोरली जिन्यावरून ब्लीचची बाटली घेऊन खाली उतरली. म्हणाली, "हे घे, ओत सगळं. पाच मिनिटांत निघेल."

काकूंनी ओतलं. गंजावर ब्लीच ओतलं की तो जाता जात नाही, उलट भडकतो आणि कापडात घर करतो, हे तेव्हा त्यांना कुठं ठाऊक? नखाएवढा डाग तळहाताएवढा झाला. दुसरा कोट मिळेना. काका तसेच मुलाखतीला गेले आणि तसेच परत आले. हॉटेलच्या साहेबांनी छातीकडे बघूनच विषय संपवला होता.

संध्याकाळी सगळे जमल्यावर थोरली काय म्हणाली? म्हणाली, "मी कुठली बाटली दिली? माझ्या कपाटातून घेऊन गेली ही, न विचारता. वर काय लिहिलंय तेसुद्धा वाचलं नाही." काकूंनी जीव तोडून सांगितलं. काकांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं, झालं ते झालं. पण जरा वाचायचं होतंस."

ती जागा परत कधी निघाली नाही. काका वेटरच राहिले आणि निवृत्तही वेटर म्हणूनच झाले. पण त्यांना एक विनोद मिळाला, तो त्यांनी जन्मभर पुरवला. घरात काहीही बिघडो, दूध उतू जावो की रोपटं वाळो, काका चारचौघांत विचारत, "काय गं, बाटली ओतलीस का?" पाहुणे हसत. लॉंड्रीवाला हसे. काकूही ओठ ताणत. आतून मात्र तळपायाची आग मस्तकात जाई.

म्हणून काकू डाग शिकल्या. लोकांना वाटे बाईला हौस आहे. हौस कसली डोंबलाची! एकेक डाग निघताना त्या मनातल्या मनात वरच्या मजल्याचं नाक घासत होत्या. त्यांना थोरलीकडून काही नको होतं, फक्त एक वाक्य हवं होतं. काकांसमोर, स्वच्छ शब्दांत: बाटली मी दिली, आणि काय होणार हे माहीत असून दिली. या दुसऱ्या अर्ध्यासाठी तर त्या तडफडत. कारण अधूनमधून, कपडे पिळताना, शंका डोकं वर काढायची. तिलाही तेव्हा ठाऊक नसेल तर? भल्यासाठी दिली असेल आणि मग घाबरून खोटं बोलली असेल तर? ही शंका आली की काकू कपडा इतका जोरात पिळत की शिवण उसवायची.

दादा गेले. थोरलीचे गुडघे गेले. दोघी जावा जिन्यात भेटत तेव्हा पाण्याच्या टाकीबद्दल बोलत. एक मात्र होतं, थोरलीची लेक काकूंच्या अंगाखांद्यावर वाढली होती. ती आता रुग्णालयात परिचारिका होती. रविवारी सकाळी रात्रपाळी करून ती घरी आली आणि जिन्यातूनच ओरडली, "काकू, मला वॉर्डची प्रमुख केलं! उद्यापासून!" काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. मनापासून फिरवला.

त्याच दुपारी थोरली कठडा धरत, एकेक पायरी उतरत खाली आली. हातात पिशवी. लॉंड्री रविवारी बंद, नाहीतर ती बाई या दारात कशाला येतेय! काका आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मधलं दार उघडंच होतं.

"लेकीचा नवा गणवेश आहे," थोरली म्हणाली. "रुग्णालयातल्या कपाटाच्या खिळ्याला ओला लागला असणार. उद्या घालायचाय. ती झोपलीय, तिनं अजून बघितलं नाही."

काकूंनी पिशवी उघडली. पांढराशुभ्र गणवेश आणि खिशाच्या खाली नखाएवढा गंज.

काकूंच्या कानात भणभणायला लागलं. पण आवाज त्यांनी दुकानदारासारखा ठेवला. "त्यावर काय काय केलंत?"

"काहीच नाही."

"साबण लावला असेल."

"नाही गं, हातसुद्धा लावला नाही."

इतक्या वर्षांत असं उत्तर देणारं माणूस काकूंनी पाहिलं नव्हतं. हात आवरता येत नाही कुणाला. ज्याला कशानं काय होतं हे पक्कं ठाऊक असतं, तोच आवरतो. काकू मोरीपाशी गेल्या, गणवेश पसरून डागाची जागा पालथ्या वाटीवर ताणली. मग फळीच्या मागून ब्लीचची बाटली काढली आणि थोरलीपुढं धरली.

"हे घ्या, ओता सगळं. पाच मिनिटांत निघेल."

थोरलीनं बाटली घेतली. हातात घेऊन नुसती उभी राहिली.

"तूच घाल ना."

"माझ्या बोटांना चिरा पडल्यात, झोंबतं. तुम्हीच घाला. झाकण सैल केलंय."

थोरलीनं झाकण काढलं. वाटीकडं पाहिलं. परत झाकण बसवलं. मग फळीकडं बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाली, "घरात लिंबू नाही का?"

"लिंबू कशाला?"

"असंच. गंजाला लिंबू आणि मीठ बरं. उन्हात ठेवायचं."

"हो? कुणी शिकवलं?"

"आईनं. आमच्याकडे नळाला तांबडं पाणी यायचं. सगळे कपडे तसेच व्हायचे. आई ब्लीच घरात..." आणि इथं थोरली थांबली. तोंड उघडंच राहिलं.

"घरात काय? येऊ द्यायची नाही? का हो?"

थोरली बाटलीचं झाकण उगाच आवळत राहिली.

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे तुम्हाला," काकू म्हणाल्या. अगदी आनंदानं. होय, आनंदानंच, उगाच सोज्वळ शब्द कशाला वापरायचा? त्यांनी थोरलीच्या हातातून बाटली काढून घेतली, झाकण उडवलं आणि बाटली गणवेशावर तिरपी धरली. "आत जा. ह्यांना सांगा. दिली कुणी, आणि काय ठाऊक असून दिली, दोन्ही. नाहीतर हे ओतते."

"अगं, तिचा काय दोष? पोरगी तुला आई मानते!"

"माझ्या नवऱ्याचा काय दोष होता?"

त्यांनी ओतलं असतं का? ओतलं असतं. पोरीच्या गालावरून फिरवलेला हात खरा होता आणि हा हातही खराच होता. थोरलीनं तो पाहिला, आणि ती भिंत धरत आतल्या खोलीत गेली. काकू बाटली तशीच धरून दारापर्यंत आल्या.

"भाऊजी," थोरली म्हणाली, "तो कोट... ती बाटली मीच दिली होती हिला. डाग वाढणार हे मला ठाऊक होतं. आमच्या ह्यांना डावलून तुम्हाला बोलावलं, ते मला सहन झालं नाही."

झालं. वाक्य आलं. हवं होतं तसं, दोन्ही अर्ध्यांसकट. काकूंनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता ते चमकतील, संतापतील, बायकोकडे बघतील. याच बघण्यासाठी त्या जगल्या होत्या.

काकांनी पेपरची घडी घातली. "जाऊ द्या वहिनी," ते म्हणाले. "जुनं झालं ते. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?" काकूंनी विचारलं.

"दादानं सांगितलं होतं. त्याच आठवड्यात. फार वाईट वाटत होतं त्याला."

मग थोरलीच आधी वळली आणि खाली मान घालून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

"त्याच आठवड्यात," काकू म्हणाल्या. "आणि मग जन्मभर मला बाटली बाटली केलंत?"

"अगं, बोललो असतो तर घर फुटलं असतं. दादा आणि मी एका ताटात जेवलेलो. वहिनींना बोलणार कसं?"

"आणि मला?"

काकांना हा प्रश्न खरंच कळला नाही. ते अगदी सरळ मनानं म्हणाले, "तू काय, तू आपली. तुला बोललं तर चालतं."

काकूंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मोरीपाशी जाऊन लिंबू कापलं, डागावर मीठ पेरलं, वर लिंबू पिळलं आणि गणवेश खिडकीतल्या उन्हात ठेवला. वाळायला लागला की परत पिळलं. थोरली बसून होती. गंज फिका होत होत दिसेनासा झाला, तेव्हा काकूंनी गणवेश खळखळून धुतला आणि ओलाच तिच्या हातात दिला. "पोरीला म्हणावं, सावलीत वाळव." थोरली काहीतरी बोलू पाहत होती. काकूंना आता तिच्यात गंमत उरली नव्हती. ज्या बाईचा एवढा राग राग केला, ती निदान हेव्यानं जळली होती. तिला काही वाटलं तरी होतं. आतल्या माणसाला काहीच वाटलं नव्हतं.

त्या रात्री काकू नेहमीसारख्या जेवल्या, झोपल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी शर्टावर कॉफी सांडली आणि सवयीनं तो काढून मोरीत टाकला. संध्याकाळी तो तिथंच, तसाच. काकूंनी शेजारणीचा टेबलक्लॉथ धुतला होता, लॉंड्रीवाल्याकडून आलेल्या दोन पँटींवरची शाई काढली होती. काकांनी शर्ट उचलून दाखवला. काकू म्हणाल्या, "ज्या ज्या माणसासमोर तो विनोद केलात, त्या त्या माणसाला खरं सांगून या. मग धुते."

काकांना वाटलं दोन दिवसांचा रुसवा आहे. मग रस्सा सांडला, मग पेन गळलं. काका स्वतः धुवायला गेले आणि गरम पाण्यानं सगळं पक्कं करून बसले. बागेतले त्यांचे निवृत्त मित्र विचारू लागले, "डागकाकूंच्या घरात हा अवतार?" काका म्हणत, "चालायचंच." लॉंड्रीवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "काका, हे आमच्यानं निघायचं नाही, हे काकूंकडेच द्या." सांगण्यापेक्षा मळकं फिरणं काकांना सोपं वाटत होतं. निगरगट्ट माणूस! पण एकेक करत शेवटचा धड शर्टही गेला, तेव्हा तो हातात घेऊन ते मोरीच्या दारात आले. काकू ब्रशनं कुणाची तरी कॉलर घासत होत्या.

"हे किती दिवस चालणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला जितके दिवस बोललात तितके."

"अगं, तेवढं आयुष्य तरी आहे का माझं?"

काकूंनी ब्रश झटकला. "मग आजपासूनच सांगायला लागा. लॉंड्री उघडी आहे अजून."