दोन्ही पिकअप चालू, खर्ज गायब

"एकेक पिकअप चालू केला की झ्याक हाय, ताई. दोन्ही चालू केलं की आवाज मरतोय."

एवढं बोलून विलासदादांनी गिटार माझ्या टेबलावर ठेवली आणि ते स्टुलावर बसले. दोन दिवसांपूर्वी ती गिटार मीच दुरुस्त करून दिली होती.

विलासदादा कबनूरचे. दिवसा पॉवरलूमवर असतात, संध्याकाळी भीमगीतांच्या एका गायनपार्टीत बास गिटार वाजवतात. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्याच्या बुडाशी जो खर्ज धुमत असतो तो तिचा. ऐकणाऱ्याला ती वेगळी कळत नाही, पण ती थांबली की गाणं पोकळ लागतं.

पार्टीच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांच्या डोक्यात आलं होतं की कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात खर्ज निघतोच आहे, मग त्यासाठी वेगळा माणूस कशाला? जयंतीचा सीझन तोंडावर होता. त्या दिवशी चार वाजता रिहर्सल होती. मास्तर तिथे ऐकणार आणि विलासदादा पार्टीत राहणार की नाही ते ठरवणार. चौदा वर्षं हा माणूस त्या पार्टीत वाजवत होता.

म्हणूनच तर त्यांनी गिटार नीट करायला आणली होती. तिच्यात दोन पिकअप असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार हलली की वेढ्यांत बारीकसा करंट तयार होतो. तोच ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठा होतो. त्यांचा एक पिकअप मेला होता. मी तिथे दुसऱ्या कंपनीचा नवा, भारीतला बसवला. व्हॉल्यूमच्या नॉबखालचे खरखरणारे पॉट बदलले, केबल लावायचा जॅक बदलला. दोन्ही पिकअप एकेक करून वाजवून बघितले. आवाज छान होता. मी खुश, ते खुश.

आणि आता हे.

"मला आधी वाटलं माझीच बोटं गेली," विलासदादा म्हणाले. "काल सगळ्यांसमोर पत्र्याच्या डब्यागत आवाज. कीबोर्डवालं पोरगं हसलं."

घड्याळात साडेबारा झाले होते.

मी वाशिमकडची. नववीत शाळा सुटली. नवऱ्याला इथल्या फौंड्रीत काम लागलं म्हणून कोल्हापूरला आले. आधी पंख्यांचं वाइंडिंग केलं, मग आण्णांच्या स्पीकर-ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात आले. आण्णांनी सर्टिफिकेट विचारलं नाही. सोल्डरिंग करून दाखव म्हणाले, आणि बघून टेबल दिलं. ते टेबल जाईल ही भीती सहा वर्षं झाली तरी जात नाही. एकेक सांधा मी तीनदा बघते.

त्या दिवशीही सगळे सांधे परत बघितले. कच्चा एकही नव्हता. केबल बदलली, फरक नाही. पॉट मीटरवर तपासले, बरोबर. आण्णांनी लांबूनच, दुसऱ्या ॲम्प्लिफायरवर लावून बघ म्हणून सांगितलं. तिथेही तेच, पत्र्याचा डबा. दीड वाजला.

"काऊन गं, अडलीस?" आण्णांनी विचारलं. माझं वाशिमकडचं 'काऊन' त्यांना फार आवडतं, दिवसातून चारदा तरी ते परत करतात.

मी म्हटलं, कळत नाही. मग विलासदादांना म्हटलं, तुम्ही वाजवत राहा, मी नॉब फिरवते. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम फुल होते. मी नव्या पिकअपचा हळूहळू कमी करत आणला. आणि खर्ज वाढायला लागला. परत फुल केला तर खर्ज गेला. जुन्याचा कमी केला, तरी वाढला.

कमी केल्यावर आवाज वाढतो, असं पॉटचं काम नसतं. पण स्पीकरचं असतं. मंडळांचे बॉक्स आमच्याकडे नेहमी येतात. शेजारशेजारच्या दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट्या लागल्या तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघं एकमेकांना खातात, आणि सगळ्यात आधी खर्ज जातो. एक बंद केला की दुसरा ठणठणीत.

आण्णांचा जुना काट्याचा मीटर काढला. सगळ्यात लहान रेंजवर ठेवला. जुन्या पिकअपला जोडून त्याच्या चुंबकाला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि झटकन उचलला. काटा उजवीकडे उडाला. नव्याला तसंच केलं. काटा डावीकडे.

माझी चूक मला तेव्हा दिसली. आमच्या ॲम्प्लिफायरमध्ये काळी तार म्हणजे अर्थिंगची. त्याच सवयीनं मी नव्या पिकअपची काळी तार अर्थिंगला लावली होती, आणि या पिकअपमध्ये ती दुसऱ्या टोकाची होती. नव्या पिकअपबरोबर इंग्रजी कागद आला होता. मी त्यातलं चित्र बघितलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला. कुणाला वाचायला सांगायची लाज वाटली.

हे सगळं मी आण्णांना सांगितलं. विलासदादांसमोरच सांगितलं, कारण डबा त्यांचा वाजला होता.

आण्णांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "मग मला तरी कुठं येतंय? चाळीस वर्षं मीबी चित्रंच बघतोय की." आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "पावणं, च्या येतोय. पाच मिनिटाचं काम हाय."

खरंच पाच मिनिटांचं होतं. दोन तारा सोडवल्या, एकमेकींच्या जागी लावल्या. तोवर विलासदादांनी कागदावर फोन धरून त्याचं मराठी करून घेतलं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं: वेगळ्या कंपनीच्या पिकअपबरोबर लावल्यास आणि खर्ज गेल्यास तारा उलट कराव्यात.

दोन्ही व्हॉल्यूम फुल केले. विलासदादांनी सगळ्यात जाड तार छेडली. काउंटरच्या काचेतले स्क्रू नाचायला लागले. समोरचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन आमच्याकडे बघत उभा राहिला. आण्णा मान डोलवत होते. मी उगाच कापडानं गिटार पुसत होते, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

खरं ते सांगायला हवं म्हणून मी सांगितलं की दोन कंपन्यांचे पिकअप आहेत, वाजवायचं थांबलात की थोडी भुणभुण येईल, ती पूर्ण जाणार नाही. विलासदादा म्हणाले, "मागाच्या खडखडाटात जन्म गेला, ताई. ही भुणभुण कुणाला ऐकू येतीय?"

साडेपाचला फोन आला. मी आधी घेतलाच नाही, आण्णांकडे दिला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"मास्तर काय म्हटले?" आण्णांनी विचारलं.

"मला काय बी न्हाय म्हटले. कीबोर्डवाल्याला म्हटले, डावा हात खिशात घाल."

आण्णा एवढे हसले की ठसका लागला. सीझनभर विलासदादा पार्टीत वाजवत होते. पुढच्या महिन्यात तेच कीबोर्डवालं पोरगं आपला कीबोर्ड माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आलं.

आता दोन पिकअप असले की मी एकेकटा तपासते आणि मग दोन्ही मिळून तपासते. कागद आला की आधी फोन धरते, नाही कळलं तर मोठ्यानं विचारते. तारेचा रंग कंपनी ठरवते, आणि आमच्या दुकानात काळी म्हणजे अर्थिंगची असते हे त्या कंपनीला कुणी कळवलेलं नसतं.