पोटमाळ्यावरचे सेनानी

गाईडकाकांच्या तोंडून "जुनं" हा शब्द कधी कुणी ऐकला नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या जागा होत्या, नवीन आणि ऐतिहासिक. छप्पर गळतंय, भिंतीतून पिंपळ उगवलाय, पायरीवर पाय ठेवला की ती कण्हते, म्हणजे ऐतिहासिक. चेंबूरच्या जुन्या बाजारात ते जागांची दलाली करायचे. दुकानं, गाळे, गोदामं आणि ज्यांच्याखालून जाताना माणूस डोक्यावर पिशवी धरतो अशी घरं विकणं, हा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकाला गाळा दाखवताना त्यांचा आवाज असा काही भारावायचा, की बाजारानं त्यांचं नावच गाईड ठेवलं. खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडली नाही.

भिंत दिसली की ती वाजवायची त्यांना सवय होती. बोटाच्या पेरानं टकटक करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ऐका! आजच्या बांधकामाला असा आवाज आहे का?" एवढ्यात तिथला पोपडा सुटून गिऱ्हाइकाच्या बुटावर पडायचा. काका तो उचलून त्याच्या हातात द्यायचे. "अस्सल चुना. हल्ली मिळतो कुठं?" माणूसही बावळटासारखा तो पोपडा घेऊन उभा राहायचा. कोडगेपणा शिकवायचे क्लास निघाले असते, तर काकांनी मुंबईभर शाखा काढल्या असत्या.

ते मूळचे माहुलचे. वडिलांची होडी होती. काका म्हणायचे, "बापानं खाडीत जाळं टाकलं, मी नाक्यावर टाकतो. फरक एवढाच, बापाचा मासा चहा मागत नव्हता." बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन वसईला. संध्याकाळी सगळी दुकानं बंद झाली तरी काका आपल्या दुकानाच्या पायरीवर बसलेले असायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून त्याच्याच बिल्डिंगचा इतिहास ऐकवायचे. लोक घाईत आहेत असं दाखवून सटकत. मीही सटकायचे.

आमची जागा त्यांच्या हातात गेली ती आईच्या गुडघ्यांमुळे. आजोबांनी गिरणी सुटल्यावर बाजारात खानावळ काढली होती. खाली खानावळ, वर पोटमाळ्यावर घर, आणि मध्ये जिना. जिना कसला, भिंतीला टेकवलेली शिडीच ती. बाबा गेले, खानावळ बंद झाली, आईच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि ती वर अडकली. देवळात नाही, बाजारात नाही, खाली कुणी भांडत असलं तरी बघायला नाही! यातलं शेवटचं तिला सगळ्यात जास्त लागलं. मी घाटकोपरला ये म्हटलं, तर म्हणाली, "जावयाच्या घरात रवाचा नाय माका." म्हणजे एकच वाट उरली. गाळा विकायचा आणि लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये तिला एक खोली घ्यायची. तेही लवकर, कारण खिडकीत बसून बसून आई बोलायची कमी झाली होती, आणि माझी आई कमी बोलते म्हणजे काय हे बाजाराला विचारा.

गाईडकाका आले, जिना चढले, भिंत वाजवली. "मावशी, वास्तू ऐतिहासिक आहे."

"माका इतिहास नको, माका लिफ्ट व्हयी," आई म्हणाली.

पहिली काही गिऱ्हाइकं आईनंच पळवली. काका खाली रंगात येऊन सांगत असायचे, भक्कम बांधकाम, राजेशाही उंची. वरून खिडकीतून आई ओरडायची, "पावसात मागची भिंत पाझरता! आणि उंदीर आसत!" काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं बाय, तुझ्या आईला आवर. मालकानं खरं बोलायचं नसतं, त्यासाठी तर मी आहे." पण माणूस हार मानणारा नव्हता. त्यांनी असा उपाय काढला, की आई कितीही ओरडली तरी तिचं कुणी ऐकणार नाही. एका सकाळी ते संगमरवराची पाटी घेऊन आले आणि गवंड्याकडून दारावर बसवून घेतली. "या ऐतिहासिक वास्तूत थोर स्वातंत्र्यसेनानींचे वास्तव्य होते."

"कोण सेनानी?" मी विचारलं.

"नाव लिहिलं की पुरावा लागतो," काका म्हणाले. "नाव नसलं की श्रद्धा बसते."

बसली ना! अशी बसली, की पुढच्याच आठवड्यात नाक्यावरच्या मंडळानं पाटीला हार घातला. मंडळाला बरेच दिवस काही काम नव्हतं. सेनानींची जयंती कधी, हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी, दोन्ही दिवस आमच्या दारात लाउडस्पीकर लागला. शाळेची मुलं रांगेनं पोटमाळा बघायला येऊ लागली. मंडळाच्या अध्यक्षांनी आईच्या खाटेकडे हात करून सांगितलं, "सेनानी इथेच विश्रांती घेत." आई कडाडली, "खयचो सेनानी? थंय माझो घोव निजायचो!" मुलांनी खाटेला नमस्कार केला. आमचे बाबा आयुष्यभर पापलेट तळत राहिले. जिवंतपणी कुणी त्यांना नीट नमस्कार केला नव्हता, तो आता झाला, ते एक बरं.

आणि नेमकं त्याच सुमारास खरं गिऱ्हाईक आलं. मुलुंडचा एक सरळ माणूस, त्याला मिठाईचं दुकान काढायचं होतं. जागा पसंत, भाव कबूल, फक्त मोडून नवीन बांधणार. मोडणार म्हटल्याबरोबर मंडळ दारात. झेंडे, घोषणा, "वास्तू आमच्या हक्काची", सगळं साग्रसंगीत. मुलुंडचा माणूस घाम पुसत म्हणाला, "मॅडम, मला पेढे विकायचेत, लाठी खायची नाही," आणि गेला. त्याच्यानंतर कुणी फिरकलंच नाही. आमच्या गाळ्याची वाट लागली, आणि लावली कुणी? विकून देणाऱ्यानं!

आईनं काकांना वर बोलावलं. मला वाटलं, आता लाटणं फेकून मारणार. तिनं फक्त विचारलं, "अरे मेल्या, खोटा बोललंस ता बोललंस, दगडार कित्याक कोरलंस?" मग आई म्हणाली, "आता मी हय्यांच मरतलंय." हे तिनं शांतपणे सांगितलं. एवढी शांत आई मी कधी पाहिली नव्हती, आणि मला त्या माणसाचा इतका राग आला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

काका तडक मंडळाच्या बैठकीत गेले. स्टुलावर उभं राहून सांगितलं, की पाटी मी बसवली, सेनानी माझ्या डोक्यातून निघाले, त्या घरात खानावळवाल्याशिवाय कुणी राहिलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "बिल्डरनं किती दिले रे?" झालं. जन्मात पहिल्यांदा माणूस खरं बोलला आणि त्याच दिवशी विकला गेलेला ठरला. त्यांच्या दुकानाच्या पाटीला कुणीतरी काळं फासलं.

नंतर काही दिवस ते दिसले नाहीत. मग एका रविवारी टॅक्सी घेऊन आले. "मावशी, चला. एक जागा दाखवतो." आम्ही दोघांनी धरून आईला खाली उतरवलं. जवळच्याच एका बिल्डिंगमध्ये, लिफ्टनं वर, एक खोली आणि स्वयंपाकघर. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता, त्यावरून मला कळलं की हे त्यांचंच घर. काकांनी भिंत वाजवली नाही. उलट एखादा गुन्हा कबूल करावा तसे एकेक सांगत गेले, "इथं ओल येते. पाणी फक्त सकाळी. वरचा माणूस खुर्च्या ओढतो, सांगून ऐकत नाही. मावशी, तुम्ही ही घ्या, मला तुमचा गाळा द्या. जागेला जागा."

"काका, तो जिना तुम्ही रोज चढणार?" मी म्हटलं.

"अगं, मोक्याची जागा आहे. मी काय मूर्ख आहे? मंडळ थंड झालं की दुप्पट भावात काढतो बघ." खोटं बोलताना ते फार आत्मविश्वासानं बोलत, म्हणून चटकन कळायचं. आईचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती लिफ्टचं बटण दाबून खाली जात होती, वर येत होती, पुन्हा खाली जात होती. वकिलाकडे अदलाबदलीचे कागद झाले. आई महिनाभरात देवळात जाऊन तिथल्या पुजाऱ्याशी भांडूनही आली.

काका पोटमाळ्यावर राहायला गेले. मंडळ काही थंड झालं नाही. दर पंधरा ऑगस्टला त्यांच्या डोक्याशी लाउडस्पीकर लागायचा आणि वर्गणीही त्यांच्याकडूनच घ्यायचे. गिऱ्हाइकं केव्हाच तुटली होती. दाखवायला एकच जागा उरली होती, आणि ती विकता येत नव्हती. दोन पावसाळे त्यांनी मागच्या भिंतीशी बादल्या लावून काढले. तापानं पडले तेव्हा शेजाऱ्यानं मला फोन केला. मी पोचले तर आई माझ्याआधी तिथे. जिन्यावर बसून, एकेक पायरी मागे सरकत, प्रत्येक पायरीला एक शिवी घालत ती वर गेली होती, मागून शेजाऱ्याकडे पेजेचा डबा. काका उठू बघत होते. "मावशी, तुम्ही कशाला आलात? तुमचे गुडघे..."

"गप रव. आ कर," आई म्हणाली आणि त्यांना पेज भरवली.

त्या तापातून ते उठले नाहीत. वसईच्या मुलीनं सगळं केलं. मग तिनं मला विचारलं, ताई, तुम्ही जवळ असता, कुणी जागा बघायला आलं तर दाखवाल का? नाही कसं म्हणणार. परवा एक तरुण जोडपं आलं, त्यांना कॅफे काढायचाय. असल्या जागा म्हणे आता लोकांना आवडतात. मोडणार नाही, फक्त रंग देऊ, म्हणाले. आई हट्टानं बरोबर आली होती. त्यातल्या मुलीनं कौतुकानं इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, इथे कोण राहायचं हो?"

मी मनात म्हटलं, आता आई पाझरणारी भिंत काढणार, उंदीर काढणार. आई म्हणाली, "हंय गाईड रवायचो."

"गाईड? म्हणजे टुरिस्ट गाईड?"

आईनं सांगायला तोंड उघडलं आणि तिला काही सांगताच येईना. ती तिथेच खालच्या पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. ते जोडपं घाबरून माझ्याकडे बघायला लागलं. मी त्यांना काय सांगणार? मी आईशेजारी बसले.