कडू बियर आणि अष्टमीची धार

कुसुम, ये, अशी जवळ बस आणि चष्मा लाव. तुझ्या नातवाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुलाच वाचावं लागणार. आधी बोलणी खा. हातात बियरचा ग्लास धरलेला माझा फोटो मी तुला एकटीला पाठवला होता गं. तू तो हसत हसत दादाला दाखवलास. भोळी ती भोळीच राहिलीस.

चार वर्षांपूर्वी धारच्या बस अड्ड्यावर तुम्ही दोघं मला सोडायला आला होतात. हे गेल्यावर मी लेकीकडे पुण्याला निघाले होते. दादानं शेवेची थैली मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "अष्टमीला यायचं. दिवे तुझ्याच हातचे." आपल्या घरी देवीच्या नैवेद्याचे कणकेचे दिवे थोरल्या लेकीनं करायचे, आईनं तो मान मला दिला. दादाच्या त्या एका वाक्यावर मी इथले दिवस काढले. दरवर्षी आले, दिवे वळले.

परवा रविवारी सकाळी त्याचा फोन. "यंदा येऊ नकोस. पिणाऱ्या बाईच्या हातचे दिवे देवीला चालत नाहीत. तुझी वहिनी करील."

चालत नाहीत? मग अष्टमीला देवीपुढं दारूची धार कोण धरतं? दादाच ना? उरलेली बाटली प्रसाद म्हणून मागच्या खोलीत जाते, आणि तू नि मी तासभर भजी तळतो. "भिया, एक प्लेट और," आतून पुरुषांची इंदुरी हाक येते. तेवढ्यापुरतं त्यांना हिंदी का सुचतं कोण जाणे. जन्मलो आपण धारला, पण धार धरायची पुरुषांनी, आणि उडतं तेल झेलायचं आपण.

तो राग घेऊनच संध्याकाळी लेकीबरोबर बियरच्या त्या दुकानात गेले. तिथंच बनवतात, मागं मोठी तांब्याची भांडी दिसतात. मी घेते ती गव्हाची, सौम्य. कडू मला मुळीच सोसत नाही. मागं एकदा घोट घेऊन रुमालात थुंकले होते. लेक म्हणाली, "आई, तुझी नेहमीचीच ना?" म्हटलं, "नको. सगळ्यांत कडू असेल ती सांग."

पहिला घोट म्हणजे निव्वळ चिरायता. आठवतं, चैत्रात आई भिजवलेला चिरायता सकाळी पाजायची? आपण नाक दाबून गटकन गिळायचो आणि ती दटावायची, "घाई करू नका गं. तोंडात धरा. कडू मागून गोड होतं." म्हणून धरली तोंडात. जीभ आखडली. मग हळूच संत्र्याच्या सालीचा वास आला, आणि अगदी शेवटी जरासं गोड. आवडली म्हणणार नाही, पण कळली. ग्लास संपवला.

आणि हेही कळलं, की दादाचं बोलणं मी जन्मभर नाक दाबून गिळत आले. हे नाही गिळणार. राग ओसरलेला नाही, ओसरू देणारही नाही.

आईची पितळी परात इथं लेकीच्या ओट्यावर आहे. माझं घर म्हणशील तर आता तेवढंच, आणि त्याला दादाची परवानगी लागत नाही. यंदा दिवे त्याच परातीत होतील, आणि धार मी धरीन, त्या कडू बियरची.

तू ये. भजी तळायला नाही, दिवे वळायला. वहिनीलाही विचार, तिनंही पुष्कळ तेल झेललंय. तुझ्या इंदूरहून पुण्याला थेट बस आहे. लवकर निघ, कणीक मी तू आल्यावरच भिजवीन.