उपासी

आई मेडशीला भावाकडे राहते. तिची साखर मोजायची वहिनीने आणि नोंदी मांडायच्या मी, असं आम्ही ठरवून घेतलं होतं. मी कारंज्याला एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते, रोज मेडशी जमत नाही. वहिनी व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा पाठवायची, पुढे एक शब्द. महिनाअखेरीस मी ते सगळे संदेश एका फाइलमध्ये घ्यायची आणि माझी पायथन या संगणकभाषेत लिहिलेली छोटीशी स्क्रिप्ट त्यांचा तक्ता करायची: तारीख, आकडा, उपाशीपोटी की जेवणानंतर. तो तक्ता बघून डॉक्टर आईचं रात्रीचं इन्सुलिन ठरवत.

त्या हिवाळ्यात आईच्या सकाळी वाईट जायला लागल्या. घामाने लुगडं भिजायचं, हात थरथरायचे, बोलणं अडखळायचं. तक्त्यात मात्र उपाशीपोटीची साखर चढलेली, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा वाढवलं. तिच्या सकाळी आणखी बिघडल्या. घरातले म्हणत, वय झालं, उपासानं गळून जाते. माझं समाधान होत नव्हतं. तक्ता एक सांगत होता आणि आई दुसरंच काही.

आमच्याकडचे संगणकाचे सर एकदा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, हा कोड हाय का किराण्याची यादी?"

"चालतो ना पण?"

"चालते तं बैलगाडीबी. क्लास करा याचे. नीट ऑब्जेक्टमदी बांधा, मंग पाहा कसं साफ दिसते."

चहा पिता पिता त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आराखडा काढून दिला. 'नोंद' हा मूळ क्लास, म्हणजे एका प्रकारच्या माहितीचा साचा. त्यातून निघालेले दोन, उपाशीपोटीची नोंद आणि जेवणानंतरची नोंद. प्रत्येकाला आपली मर्यादा ठाऊक, आकडा वर-खाली झाला की खूण तो स्वतःच करणार. मला ते आवडलं. वस्तू आपापल्या डब्यात असल्या की मला बरं वाटतं, स्वयंपाकघरातही आणि कार्यालयातही. कोड नीट बांधला तर चुकतंय कुठे तेही दिसेल, अशी आशा होती.

रविवारी लिहायला बसले आणि पहिल्याच क्लासपाशी थांबले. उपाशीपोटी म्हणजे शेवटच्या घासानंतर किती तासांनी? जुन्या स्क्रिप्टने हे कधी विचारलंच नव्हतं. तिथे एकच ओळ होती: शब्दात 'उपा' असेल तर उपाशीपोटी समज. कारण वहिनी कधी 'उपास' लिहायची, कधी 'उपासी', आणि आमच्या बोलीत उपाशीला उपासीच म्हणतात. तासांचं विचारायला मी तिला फोन लावला. क्लाससाठी हवंय, असं सांगितलं.

"या वयात कायचा क्लास लावला ताई?"

"शिकवणीचा नाही गं. आईची उपाशी साखर तू किती वाजता मोजतेस?"

"दुपारी. फराळ झाला का मोजतो."

"फराळ?"

"मंग! उपासाच्याच दिवशी मोजतो ना. डॉक्टरच बोलले, उपासी असल्यावर मोजत जा. सोमवार, चतुर्थी, एकादशी. आईचा एकबी चुकत नाही."

"आणि फराळाला काय खाते?"

"उसळ साबुदाण्याची, रताळं, भगर. काहून, काही चुकलं का?"

मी म्हटलं, डॉक्टरांशी बोलते, मग सांगते. फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं: आधी डॉक्टर. आजचं इन्सुलिन. पहाटेची साखर. उशाशी ग्लुकोज. डॉक्टरांना लगेच फोन करून सांगितलं, तक्त्यातले उपाशीपोटीचे आकडे फराळानंतरचे आहेत. मग त्यांनी त्या रात्रीचा डोस कमी केला आणि उठल्याबरोबर, चहाच्याही आधी मोजायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहिनीने आकडा पाठवला नाही, फोनच केला. इतका खालचा आकडा त्या मशीनवर तिने कधी पाहिला नव्हता. ग्लुकोज पाजून झालं होतं. ती रडत होती.

क्लासचं पुढे काय करायचं, हा विचार मी त्यानंतर आठवडाभराने केला. प्रश्न त्या आराखड्यामुळेच विचारला गेला, हे खरं. पण वहिनीने दिलेलं उत्तर त्याच्या दोन्ही क्लासमध्ये मावत नव्हतं. फराळ हे जेवण नाही, आणि फराळ केलेली बाई उपाशीही नाही. तिसरा क्लास काढता आला असता, मग रात्री अर्धी भाकर खाल्ली त्या दिवसासाठी चौथा. एका घरातल्या एका माणसाच्या नोंदींसाठी एवढा पसारा नको. मी जुनी स्क्रिप्ट होती तशीच ठेवली, फक्त 'उपा'ची ओळ काढून टाकली, आणि वहिनीला सांगितलं की एक शब्द नको, काय खाल्लं, कधी खाल्लं, सगळं लिही. आकडा तेवढा स्क्रिप्ट उचलते. उरलेलं वाक्य शेवटच्या रकान्यात जसंच्या तसं जातं.

सरांना हे पटलं नाही. "उद्या घरात दुसऱ्या कोनाले साखर निघाली तं? क्लास असता तं एक ऑब्जेक्ट वाढवलं, का झालं काम."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तुमी यादीवाल्याच राह्यल्या मॅडम," म्हणत ते हसले आणि तासाला गेले.

आईचा पहाटेचा घाम थांबला. मात्र त्या सकाळींनी तिच्या आठवणीतलं जे नेलं ते परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, यात वयाचं किती आणि खाली गेलेल्या साखरेचं किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. वहिनी न चुकता लिहिते. आकडे चांगले असतात, शेवटचा रकाना लांबत चाललाय. परवाची नोंद अशी आहे: "उठल्याबरोबर. चहा बाकी. आई तुमचं इचारून राह्यली, पोरगी शाळेतून आली का. मी म्हनलं, येतेच हाय."

डॉक्टरांनी आधी तेच वाचलं. मग आकडा पाहिला आणि डोस आहे तोच ठेवला.