खदानीत पाळलेले बॅक्टेरिया

लग्न करून मी भांडुपला आले तेव्हा आमच्या बिल्डिंगमागची दगडाची खदान बंद पडून बरीच वर्षं झाली होती. डोंगराचा अर्धा भाग कोणीतरी चावून थुंकल्यासारखा दिसायचा. तळाशी शेवाळलेल्या पाण्याचं डबकं आणि त्याच्या कडेच्या उतारावर क्रशरची राखाडी भुकटी, पावसात भिजून आणि उन्हात भाजून प्लास्टरसारखी घट्ट झालेली. वारा सुटला की तीच भुकटी आमच्या स्वयंपाकघरात यायची. माझे सासरे गिरणीतून सुटल्यापासून घरीच असायचे आणि घरच्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचे. पोह्यांची बशी हातात घेऊन ते म्हणायचे, "खोबरां कमी घातलंस गो, पण डोंगर भरपूर पडलोहा."

मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. तिथेच बॉटनी शिकवणारी माझी मैत्रीण यवतमाळकडची, तोंडाने फटकळ. एका रविवारी ती जेवायला आली, खिडकीतून खदान बघितली आणि म्हणाली, "काहून गं, जन्मभर पोरांना बॅक्टेरियाचे उपकार सांगत फिरतेस, आणि तुझ्या खिडकीखाली हे टक्कल?"

"तिथे काय उगवणार? माती तरी आहे का?"

"नाही म्हणून तर जागा शिल्लक आहे. माती असती तर एव्हाना टॉवर उगवला असता."

जेवण होईपर्यंत आमचं ठरूनही गेलं. कल्पना काही आमची नव्हती, पुस्तकातलीच होती. दगडाच्या भुकटीत नायट्रोजन जवळपास नसतोच. हवेत तो मुबलक असतो, पण झाडाला हवेतून थेट घेता येत नाही. शेंगा धरणाऱ्या बऱ्याच झाडांच्या मुळांवर बारीक गाठी येतात आणि त्यात रायझोबियम नावाचे बॅक्टेरिया राहतात. ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाची साखर खातात. म्हणजे पेइंग गेस्टच, फक्त भाडं वेळेवर देणारे. अशी झाडं जगली की त्यांचा पाला पडतो, कुजतो आणि दगडावर हळूहळू माती धरायला लागते.

पहिल्या वर्षी आम्ही दोघी फार हुशारीने वागलो. बाजारातून रायझोबियमचं पाकीट आणलं, गुळाच्या पाण्यात कालवून तागाच्या बियांना चोळलं, बिया सावलीत वाळवल्या आणि पावसाआधी पेरून ठेवू म्हणून मे महिन्याच्या भर उन्हात खदानीत पेरल्या. त्या भुकटीवर चप्पल काढून उभं राहता येत नव्हतं. आमच्या पाकिटातल्या सभ्य बॅक्टेरियांची तिथे भाजी झाली असणार. पावसात ताग उगवला खरा, पण हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळा. उपटून बघितला तर मुळं साफ, गाठीचा पत्ता नाही. उरलासुरला ताग बकऱ्यांनी खाल्ला, आणि त्यांनाही तो फारसा आवडला नसावा, कारण अर्धा टाकून गेल्या.

"झालं तुमचां संशोधन?" सासऱ्यांनी विचारलं.

मी चिडून रिकामं पाकीट कचऱ्यात टाकलं. मैत्रीण मात्र खदानीत हिंडत राहिली. भिंतीसारख्या उभ्या दगडाच्या एका चिरेत तिला रानताग दिसला. पिवळी फुलं, खुळखुळणाऱ्या शेंगा, तब्येत एकदम ठणठणीत. कोणी लावला नाही, कोणी पाणी घातलं नाही. तिने तो स्क्रू-ड्रायव्हरने मुळासकट उकरून काढला आणि थेट माझ्या दारात आली. मुळांवर मोत्यासारख्या गाठी लटकत होत्या.

सासऱ्यांनी चष्मा लावून मुळं निरखली. "अरे देवा! ह्या झाडाक तर मूळव्याध झालीहा!"

मैत्रीण हसून हसून जिन्यात बसली. मी ब्लेडने एक गाठ कापली. आतून ती गुलाबी होती. गुलाबी म्हणजे आतली मंडळी कामावर आहेत. इतकी वर्षं मुलांना हा रंग फळ्यावर खडूने दाखवत आले होते. स्वतःच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी बघितला तेव्हा खात्रीसाठी आणखी दोन गाठी कापल्या.

या खदानीतच जन्मले-वाढलेले बॅक्टेरिया म्हणजे इथले भाई. उन्हाला भीक घालत नाहीत, भुकटीला घाबरत नाहीत. बाहेरचे सभ्य लोक आणण्यापेक्षा यांनाच हाताशी धरायचं ठरलं. गाठी धुऊन, ठेचून मी त्यातले बॅक्टेरिया प्लेटवर वाढवले. पण बियांना पुरतील इतके वाढवायचे तर ते बाटलीत घालून ती सतत हलवत ठेवावी लागते, म्हणजे त्यांना हवा मिळते, आणि आमच्या लॅबचं हलवायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं ते गेलेलंच. शेवटी साखर-यीस्टच्या पाण्याची, कापसाचा बोळा घातलेली बाटली घरी आली आणि सासऱ्यांनी तिचा ताबा घेतला. मालिका बघताना ते ती मांडीवर घेऊन हलवत बसायचे. जाहिराती लागल्या की थांबायचे आणि मी ओरडले की पुन्हा सुरू व्हायचे. बाटलीतलं पाणी गढूळ झालं तेव्हा त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं.

तिथेच घोटाळा झाला. बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली. करोनाची धास्ती लोकांच्या अंगातून गेली नव्हती, त्यात आमच्या घरात बॅक्टेरिया पाळलेत म्हटल्यावर काय विचारता! तातडीची मीटिंग बोलावली गेली. चेअरमन विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यामुळे त्यांना सगळीकडे अपघातच दिसायचे.

"वहिनी, उद्या हे पाण्याच्या टाकीत उतरले तर जबाबदार कोण?"

मी समजावू लागले की हे माणसाला काही करत नाहीत, यांना फक्त मुळांमध्ये रस असतो. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "केसांच्या मुळांमध्येपण जातात का हो?"

मी नाही म्हणायच्या आत सासरे उठले, पिशवीतून बाटली काढली, कापसाचा बोळा उपटला आणि सगळ्यांच्या देखत मोठा घोट घेतला.

"बाबा!" मी किंचाळले. मी कितीही काही म्हटलं असलं तरी ती बाटली पिण्यासाठी नव्हती.

"ताकासारखां लागता," त्यांनी मिशी पुसत जाहीर केलं. "मीठ व्हया होतां."

सभा तिथेच संपली. विरोध करायला कोणी उरलं नाही, कारण सगळे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी त्या नजरांचा फायदा घेऊन मीटिंगचे बटाटेवडे हाणले, दुसऱ्यांच्या वाटचेसुद्धा.

सकाळी त्यांना जुलाब लागले.

आता काय सांगायचं लोकांना? दुधवाल्याने वॉचमनला सांगितलं, वॉचमनने सगळ्या बिल्डिंगला. चेअरमन ओआरएसची पाकिटं घेऊन तोंडाला डबल मास्क लावून दारात हजर. मी आतून पुरती घाबरलेली, वरून हसतमुख. तेवढ्यात संडासातून आवाज आला, "वड्यांनी वाट लावल्यानी माजी! तेल जुनां होतां, आचाऱ्याक धरा!"

आणि खरंच, ते वडे खाल्लेली आणखी चार घरं त्याच दिवशी आडवी झाली होती. त्यांनी बॅक्टेरिया प्यायले नव्हते. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर चर्चा आचाऱ्यावर घसरली आणि आम्ही सुटलो.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाण्यासारखं पावसाने जमीन थंड होईपर्यंत थांबलो. खड्ड्यांत तबेल्यातलं शेणखत घातलं, बियांना आमचे भाई चोळले. ताग, करंज, गिरिपुष्प आणि मैत्रिणीच्या आग्रहाने हादगा. सगळं जगलं नाही. करंज रुसून बसला, उताराचा एक मोठा तुकडा पावसाने रोपांसकट डबक्यात नेला. पण जे राहिलं ते हिरवं राहिलं. हादगा तर असा वाढला की पुढच्या थंडीत फुलांनी वाकला. सकाळी खिडकीतून मी बघते तर चेअरमन, एकटेच, लुंगी सावरत पिशवीत हादग्याची फुलं खुडतायत. त्यांच्या सौभाग्यवती भाजी करायच्या म्हणे. मी खिडकी हळूच लावून घेतली.

मग एक दिवस पाडकामाच्या डेब्रिजने भरलेला डंपर खदानीत आला. माल ओतायला जागा बघत तो नेमका आमच्या तागावर रिव्हर्स घेऊ लागला. मी चपला शोधत जिना उतरेपर्यंत चेअरमन डंपरच्या मागे दोन्ही हात पसरून उभे होते.

"ए! मागे घेऊ नको! खाली बॅक्टेरिया आहेत!"

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काय आहे?"

"बॅक्टेरिया! आमच्या सोसायटीचे!"

ड्रायव्हरला काय कळलं देव जाणे, पण त्याने काच वर केली आणि डंपर घेऊन तो निघून गेला. पुढच्या आठवड्यात खदानीच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी डेब्रिज ओतलंच. ते टोक अजून तसंच आहे, फरशांचे तुकडे आणि फुटके कमोड. आमच्या बाजूला मात्र हात घातला की बोटभर काळी माती लागते. तिला वास येतो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मैत्रिणीने चिमूटभर माती तळहातावर घेतली, बोटाने चुरली आणि म्हणाली, "झाली बाप्पा एकदाची." तिला एवढं कमी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता ती निवृत्त होऊन यवतमाळला गेलीय आणि खदानीला भाव आलाय. इतकी वर्षं ज्यांचं नावही ठाऊक नव्हतं ते मालकाचे वारस गाड्या घेऊन येतात, झाडांखाली उभे राहून फोटो काढतात. विकायची म्हणतात, पण वाटणीवरून भाऊ-भाऊ कोर्टात आहेत. यंदा गणपतीत आमच्याकडे गाऱ्हाणं घालायला सासरेच उभे राहिले. नातवंडांच्या परीक्षा झाल्या, माझे गुडघे झाले, मग त्यांनी डोळे घट्ट मिटून आवाज चढवला, "आणि बा देवा, त्या खदानवाल्या भावांची भांडणां अशीच चालू ऱ्हांवदेत, कोणाच्या डोक्यात समेटाचो इचार इलो असात तर तो काढून टाक रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडलो. चेअरमन सगळ्यात मोठ्याने.