जोडमास्तरांनी कापलेले चौदा सेकंद

आमच्या दुकानाला दार एक आणि पाट्या दोन. आत शिरलं की डावीकडे माझं घड्याळदुरुस्तीचं टेबल, उजवीकडे जोडमास्तरांचे दोन कॉम्प्युटर आणि मधे कमरेएवढं कपाट. एकवीस वर्षं आम्ही असे शेजारी बसतोय. त्यांना शिंक केव्हा येणार हेही मला कळतं, आणि माझा स्क्रू हातातून निसटला की पडल्याचा आवाज यायच्या आधीच ते म्हणतात, "खुर्चीखाली बघ."

जोडमास्तर हे नाव मीच ठेवलं. पूर्वी ते तुटलेल्या कॅसेटची टेप जोडून द्यायचे. कॅसेट गेल्या आणि व्हीसीडी आल्या, आता त्या व्हीसीडीही म्हाताऱ्या झाल्या. चरे पडतात, वरचा चंदेरी थर सुटतो, आणि घरातला समारंभ मधेच अडकून बसतो. लोक ती तबकडी रुमालात गुंडाळून आणतात आणि म्हणतात, "याची चांगली डीव्हीडी करून द्या." जणू काही इकडून घातली की तिकडून इस्त्री होऊन निघते!

काम किचकट आहे. मास्तर आधी तबकडीवरची फाइल अगदी सावकाश उतरवून घेतात, कारण घाई केली की खराब जागी यंत्र हात टेकतं. मग चित्र आणि आवाज वेगळे करायचे. व्हीसीडीवरच्या आवाजाचं माप एक, डीव्हीडीला लागतं दुसरं, म्हणून आवाज नव्या मापात बसवायचा आणि पुन्हा चित्राशी जुळवायचा. चित्रातला खराब तुकडा गळला आणि आवाजातला राहिला, की माणूस बोलतो आधी आणि ओठ हलतात नंतर. ते तपासायची मास्तरांची रीत साधी आहे. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. तेवढ्या अक्षरांवर डोळा ठेवायचा. अक्षर ऐकू येतं तेव्हा ओठ मिटलेले दिसले, की जोड पक्का.

या कामाचा त्यांना भारी अभिमान. "माझ्या हातून गेलेली फिल्म अडखळत नाही," हे वाक्य दिवसातून एकदा तरी माझ्या कानावर येतंच. मी दुसऱ्या कानाने सोडून देतो.

एक दिवस शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. वडिलांच्या निरोप समारंभाची व्हीसीडी होती. वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. या तबकडीत त्यांचं आठ-नऊ मिनिटांचं भाषण होतं, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

"आईला आता दिसत नाही, काका," त्या म्हणाल्या. "निदान ऐकता तरी येऊ दे. रोज विचारते, झालं का म्हणून."

मास्तरांनी तबकडी उजेडात धरली. थराचे पोपडे निघाले होते आणि पलीकडचा दिवा आरपार दिसत होता. "एकदा वाचली तर वाचली," ते म्हणाले. आणि खरोखरच एकदाच वाचली. फाइल उतरायला पूर्ण दुपार गेली. दुसऱ्यांदा घातली तेव्हा यंत्राने तिला ओळखही दाखवली नाही.

पुढचे तीन दिवस मास्तर डोळ्यांत तेल घालून बसले होते. भाषणात सात ठिकाणी चित्र थिजत होतं. तोंड मिटलेलं, चेहरा स्थिर, बोलणं बंद. मग एकदम पुढचा शब्द. मास्तरांनी सातही जागा कापल्या आणि दोन्हीकडची टोकं अशी जुळवली की मलाही सांधा सापडला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो नाही, नाहीतर महिनाभर ऐकून घ्यावं लागलं असतं. डीव्हीडी झाली. जागा अडते म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे तबकडीवरून उतरवलेली कच्ची फाइल पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आईला घेऊन आल्या. मी माझी खुर्ची म्हातारीला दिली आणि उभा राहिलो. पडद्यावर छापखान्याचं सभागृह, भिंतीवर मोठं गोल घड्याळ, त्याखाली माइकसमोर एक किरकोळ गृहस्थ. ते बोलू लागले तशी म्हातारी पुढे झुकली. तिचा चेहरा उजळला. मग हळूहळू कपाळाला आठी पडली.

"आवाज यांचाच आहे," ती म्हणाली. "पण हे काही हे नव्हेत."

"मावशी, फाइल तीच आहे," मास्तर म्हणाले.

"असेल बाबा. पण हे असं सरळ आयुष्यात बोलले नाहीत. शब्द अडायचा यांचा. हाताने भराभर अक्षरं जुळवायचे, पण तोंडात एखादं अक्षर आलं की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. लग्न ठरायच्या आधी मला भेटायला आले, तर पाच मिनिटं नुसते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, सावकाश होऊ दे."

बाई खाली मान घालून म्हणाल्या, "मला वाटलं, तेवढं गेलं ते बरंच झालं. बाबांना त्याची लाज वाटायची."

"तुला वाटायची," म्हातारी म्हणाली.

मास्तरांचा चेहरा पडला होता, पण हार मानतील तर ते मास्तर कसले. "तबकडीच खराब होती. चित्र अडकत होतं, माणूस नव्हे."

आता खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. पण एकवीस वर्षं सेकंदकाटे बघून माझी नजर बिघडलेली आहे. "मास्तर, मागे घ्या जरा," मी म्हटलं. "माणसाकडे नको, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा." त्यांनी मागे घेतलं. 'आज इथे मी उभा आहे तो माझ्या' एवढं होताना सेकंदकाटा तीनवर होता. 'मंडळीमुळे' या शब्दाला तो सहाच्या जरासा अलीकडे होता. मधले चौदा सेकंद गायब.

मास्तरांनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. म वर ओठ मिटलेले. जे अक्षर बघून ते आयुष्यभर जोड तपासत आले, त्याच अक्षरावर तो माणूस अडला होता, आणि यांनी त्याला बिघाड समजून कापलं होतं.

"त्या जागी सभागृहातला पंखा ऐकू येत होता," शेवटी ते म्हणाले. "तबकडी अडकली असती तर पंखाही बंद पडला असता. मी ऐकलंच नाही. नुसते ओठ बघत बसलो."

"मग परत घाला तेवढं," बाई म्हणाल्या.

कशातून घालणार? तबकडी मेलेली, कच्ची फाइल पुसलेली. मास्तरांनी उठून कॉम्प्युटरची वायरच उपटली. मला वाटलं, डोकं फिरलं यांचं. मग ते समजावू लागले, आम्हाला की स्वतःला कोण जाणे. पुसलेली फाइल लगेच जात नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की जाते. काल संध्याकाळपासून त्यावर नवीन काम घेतलेलं नव्हतं, तेव्हा आशा होती. "चार दिवस द्या, मावशी. नाही जमलं तर मी स्वतः घरी येऊन सांगेन." एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली आणि पुसलेल्या फाइलचा शोध सुरू केला. दोन दिवस त्यांनी कोणाचं काम घेतलं नाही, शिंकलेसुद्धा नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी फाइल सापडली. शेवटच्या टाळ्यांचा थोडा भाग गेला होता, भाषण शाबूत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी मात्र मला हाक मारली, "इकडे ये रे. घड्याळ तू बघ, मी कान लावतो."

मग सातही जागा आम्ही दोघांनी मिळून तपासल्या. काटा थांबला आणि पंखाही थांबला, तर तबकडीची चूक. काटा चालतोय, पंखा ऐकू येतोय आणि फक्त तोंड मिटलंय, तर तो माणूस. दोन जागा तबकडीच्या निघाल्या. पाच त्या गृहस्थांच्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. एकवीस वर्षांत माझ्या धंद्याचा मास्तरांना झालेला हा पहिला उपयोग, आणि तो मी त्यांना विसरू देणार नाही.

म्हातारी पुन्हा माझ्या खुर्चीत बसली. भाषण सुरू झालं. पहिल्याच अडखळीला तिने मान हलवली, ओळखीचं माणूस दिसल्यासारखी. मग ते वाक्य आलं. 'आज इथे मी उभा आहे तो माझ्या'...

आणि ते थांबले. दुकानात चौदा सेकंद फार मोठे असतात. सवयीने मास्तरांचा हात माउसकडे गेला, त्यांनी तो ओढून मांडीवर घेतला. बाईंच्या ओठांवर तो शब्द आला होता. आईला दिसत नव्हतं, तरी तिने चाचपडत लेकीचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना म्हणू दे."